काकूंच्या स्मरणार्थ

मला एका जागी बसवत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरला हे शोभत नाही म्हणा. आमचं कामच मुळी पेशंटच्या उशाशी बसून मॉनिटरकडे शांतपणे बघत राहायचं. ऑपरेशन थिएटरमध्ये मी बसते, आणि चांगली बसते. पण तिथे आवरून धरलेलं सगळं घरी आल्यावर पायांत उतरतं. फोनवर बोलताना मी जिना चढते-उतरते, चहा उभ्यानं पिते, आणि टीव्हीवरची बातमी अर्धी हॉलमध्ये नि अर्धी स्वयंपाकघरात ऐकते. नवरा म्हणतो, "तुला भूल द्यायला कुणाला बोलवायचं?" तो स्वतः इतका शांत आहे की कधी कधी मला त्याची नाडी बघावीशी वाटते.

कोविड सुरू झाला त्यानंतरच्या हिवाळ्यात साउथहॅम्प्टनच्या आमच्या घरात सगळेच जागच्या जागी अडकले होते. नवऱ्याचं ब्रॅकनेलचं ऑफिस डायनिंग टेबलावर आलं होतं. लेकीची बर्मिंगहॅमची युनिव्हर्सिटी वरच्या खोलीत आली होती. हॉस्पिटल काही घरी येत नाही, त्यामुळे रोज बाहेर पडणारी मी एकटीच. परत येताना रस्त्याच्या वळणावरच गॅरेजच्या भिंतीवर बॉल आपटल्याचा आवाज ऐकू यायचा. ती आमची लेक, हॉकीची स्टिक घेऊन. शेजारचे गोरे आजोबा, जे इतक्या वर्षांत हवामानापलीकडे माझ्याशी बोलले नव्हते, तेसुद्धा एकदा कुंपणावरून म्हणाले, "इज शी ऑल राइट, युअर गर्ल?" मी म्हटलं, "शी इज फाइन." ती फाइन नव्हती. मीही नव्हते.

लेक शाळेपासून हॉकी खेळते. युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षी तिला स्पोर्ट्स स्कॉलरशिप मिळाली. आपल्याकडे स्कॉलरशिप म्हटलं की लोक आधी आकडा विचारतात, म्हणून सांगून टाकते, पैशांचं विशेष नव्हतं. आम्ही दोघंही कमावतो, फी भरली असती. पण त्या स्कॉलरशिपबरोबर पहिल्या संघात सराव करायची जागा मिळायची. कोच, फिजिओ, चांगल्या मैदानावरची वेळ. हे विकत मिळत नाही. स्कॉलरशिप असेल तर ती खेळाडू, नसेल तर रविवारी हौसेनं खेळायला जाणारी मुलगी, एवढा सरळ हिशोब होता.

आणि ते तिचं शेवटचं वर्ष होतं. सीझन आधी पुढे ढकलला, मग अर्धा केला, मग सरळ रद्द झाला. उन्हाळ्यात डिग्री हातात पडणार आणि हॉकी संपणार, तीही शेवटची मॅच न खेळता. ब्रॅकनेलच्याच एका कंपनीतली नोकरी तिला सांगून आली होती. ते कळलं त्या दिवशी आम्ही नवरा-बायकोंनी पेढे वाटल्यासारखे चेहरे केले. तिनं "थँक्स" म्हटलं आणि ती गॅरेजकडे गेली.

मार्च संपता संपता युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्स ऑफिसची ईमेल आली, आणि लेक धडाधडा जिना उतरत खाली आली. बुडालेल्या सीझनसाठी नवे नियम केले होते. या वर्षी कुणी एकही मॅच खेळलं नसलं तरी कुणाची स्कॉलरशिप काढून घेणार नव्हते. शिवाय शेवटच्या वर्षाची जी मुलं तिथेच मास्टर्स करायला राहतील, त्यांना ती आणखी एक वर्ष चालू ठेवता येणार होती. मात्र जागा मोजक्या. म्हणून अट अशी की या वर्षात खेळासाठी बाहेरून मिळालेली प्रत्येक मदत कळवायची. क्लबची, ट्रस्टची, कुणाचीही, कितीही लहान. ज्यांना दुसरी चालू स्कॉलरशिप आहे ते दुसऱ्या यादीत. ज्यांना काहीच नाही ते पहिल्या यादीत. नियम न्यायाचा होता. मी तो दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा मला पटला, जे माझ्या बाबतीत सहसा होत नाही.

"मला तर कुणीच काही देत नाही, सो आय ॲम ऑन द फर्स्ट लिस्ट," लेक म्हणाली. तिचा चेहरा कितीतरी महिन्यांनी असा उजळला होता. मग ती थांबली. "वेट. काकांनी दिला ना मला. काकूंचा स्कॉलरशिप."

इथे काका-काकूंबद्दल सांगायला हवं. ते आमचे सख्खे कुणी नव्हेत. काका हाडांचे सर्जन, आमच्या कितीतरी आधी या देशात आलेले, आता रिटायर झालेले आणि इथल्या महाराष्ट्र मंडळाचे तहहयात अध्यक्ष. आम्ही नवीन आलो तेव्हा घर भाड्यानं मिळेना, तर काका एजंटसमोर टाय लावून जाऊन उभे राहिले होते. मी त्यांना काका म्हणते, लेकही काकाच म्हणते. काका बोलायचे आणि काकू ऐकायच्या. काका सभेत तासभर बोलले की काकू मागच्या बाजूला कागदी प्लेट्स मांडून ठेवायच्या.

लेकीची हॉकीची प्रॅक्टिस मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी असायची. मी हॉस्पिटलात, नवरा मोटरवेवर ट्रॅफिकमध्ये. काकूंनी एकदा विचारलं, "मी सोडू का ग तिला?" आणि मग शाळेची सगळी वर्षं काकूच तिला त्यांच्या छोट्या गाडीतून नेत राहिल्या. प्रॅक्टिस संपेपर्यंत तिथेच थांबायच्या आणि घरी आणून सोडायच्या. त्यांना हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. प्रॅक्टिसहून परतल्यावरसुद्धा विचारायच्या, "जिंकलीस ना?" लेक म्हणायची, "हो."

पहिल्या लाटेत काकू गेल्या. आमच्याच हॉस्पिटलात. मी त्या मजल्यावर नव्हते. एकदा गाऊन, मास्क, व्हायझर चढवून वर जाऊन आले, पण त्या अवतारात त्यांनी मला ओळखलं नसावं. अंत्यसंस्काराला मोजकी माणसं. आम्ही बाकीच्यांनी लॅपटॉपवर बघितलं, आणि मध्येच चित्र अडकलं.

मग जानेवारीत मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम झूमवर झाला. त्यात गुणगौरव होताच. गुणगौरवाशिवाय मंडळ म्हणजे मिठाशिवाय आमटी. एरवी स्टेजवर शाल, नारळ आणि पाकीट मिळतं. या वेळी शाल-नारळ कुरिअरनं आले. नारळ वाटेतच फुटला होता, त्यामुळे शालीला ओल्या खोबऱ्याचा वास येत होता. पाकिटाऐवजी लेकीच्या खात्यात एकशे एक पौंड जमा झाले. काका कोट घालून कॅमेऱ्यासमोर बसले होते, मागे बॅनर. त्यांनी वाचून दाखवलं, "कै. सौ." आणि पुढे काकूंचं नाव, "यांच्या स्मरणार्थ दरवर्षी देण्यात येणारी क्रीडा शिष्यवृत्ती." नावापाशी त्यांचा आवाज फुटला. नेमकी त्याच क्षणी कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम, आणि कॅमेरा बंद करून हॉलमध्ये फेऱ्या मारायला लागले.

आपल्याकडे हे असंच असतं. माणूस गेलं की त्याच्या नावाचं बक्षीस ठेवायचं. माझ्या शाळेत गणितात पहिल्या येणाऱ्याला कुणाच्या तरी आजोबांच्या स्मरणार्थ पाच रुपये मिळायचे आणि निबंधाला कुणाच्या तरी मावशीच्या. पाच रुपयांना कुणी पाच रुपये समजत नसे. पण हे मी स्पोर्ट्स ऑफिसला कोणत्या भाषेत सांगणार होते?

"ते कौतुक आहे ग," मी लेकीला म्हटलं. "खाऊचे पैसे. त्याला काय स्कॉलरशिप म्हणायचं?"

"काका म्हणाले ना स्कॉलरशिप. बॅनर पण होती. एव्हरीथिंग म्हणजे एव्हरीथिंग, आई. रूल आहे." आणि तिनं कळवून टाकलं. इथे जन्मलेली पोर. नियमात लिहिलेलं तिला तसंच्या तसं दिसतं.

ऑफिसनं खात्री करायला मंडळाला लिहिलं. त्या संध्याकाळी काकांचा फोन. वर्षभरात त्यांचा आवाज एवढा मोठा मी ऐकला नव्हता. "अगं, युनिव्हर्सिटीनं आपल्या शिष्यवृत्तीची चौकशी केलीय! ऑफिशियली! मी डिटेलमध्ये उत्तर पाठवलंय, काही काळजी करू नकोस." त्यांनी मंडळाच्या लेटरहेडवर चांगली दोन पानं लिहिली होती. शिष्यवृत्तीची उद्दिष्टं. निवड समिती, म्हणजे काका. आणि शेवटी, ही मुलगी खेळत राहील तोवर दरवर्षी ही मदत सुरू ठेवण्यास मंडळ वचनबद्ध आहे. मी ती दोन पानं वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली.

ऑफिसचं उत्तर आलं. विद्यार्थिनीला बाहेरच्या संस्थेची चालू वार्षिक स्कॉलरशिप असल्यामुळे तिचं नाव दुसऱ्या यादीत ठेवत आहोत. आणि दुसऱ्या यादीपर्यंत जागा पोचण्याची शक्यता कमी आहे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

मी व्हिडिओ कॉल मागितला. एक गोड बोलणारी तरुण बाई होती. "आय डू अप्रिशिएट द सेंटिमेंट बिहाइंड इट," ती म्हणाली. मी फोन हातात धरून चालत चालतच तिला समजावत होते की हे एकशे एक पौंड म्हणजे काय, तो वरचा एक कशाला, हे सगळं. लेक मागून कुजबुजली, "आई, सिट डाऊन, तिला फक्त आपला सीलिंग दिसतोय." शेवटी एवढं निघालं, की मंडळानं लेखी द्यावं. अशी कोणतीही स्कॉलरशिप नाही, ही एकदाच दिलेली खाजगी भेट होती आणि पुढे काही दिलं जाणार नाही. असं पत्र आलं तर नोंद काढून टाकू. पण लवकर, कारण शुक्रवारी पाच वाजता याद्या बंद होणार.

"एक लेटर, त्यात काय एवढं," नवरा म्हणाला. मलाही तसंच वाटलं होतं.

बागेत भेटायची परवानगी नुकतीच मिळाली होती. काकांनी बागेत दोन खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या. माझा चहा स्टुलावर ठेवून ते आपल्या खुर्चीकडे मागे सरकले. मी बसले नाही.

"काका, एक पत्र हवंय."

"परत? काय कमी पडलं त्यात?"

"कमी नाही, जास्त झालं." मी सगळं सांगितलं. सर्जन ऐकतात तसं त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं.

"म्हणजे मी काय लिहायचं?"

"की अशी शिष्यवृत्तीच नाही म्हणून."

"पण आहे."

"काका, अहो, नुसतं लिहायचंय."

"आहे ती. कमिटीत ठराव झालाय." ते गवताकडे बघत होते. "तिचं इथे काय झालं, सांग मला. क्रेमेटोरियमला चार टाळकी. अस्थी वर कपाटात आहेत, विमानं बंद. दहावं-तेरावं काही धड नाही. गुरुजी आयपॅडवर, आणि ते म्यूट. एवढं एक केलं मी तिच्या नावानं. आता तू म्हणतेस, ते झालंच नाही असं लिहून द्या."

दुसरी कुणी असती तर इथे गप्प बसली असती. मी मागे हटणाऱ्यांतली नाही. मी म्हटलं, "इतकी वर्षं काकूंनी तिला प्रॅक्टिसला नेलं. पावसात, थंडीत, दर मंगळवारी नि गुरुवारी. आणि आता त्यांच्याच नावापायी तिचा खेळ बंद पडणार. हे त्यांना चाललं असतं?"

"नेलं?" काका म्हणाले.

"नेलं म्हणजे काय काका, त्यांनीच तर नेलं!" मला वाटलं ते वेळ काढताहेत. माझा आवाज चढला. "काकू गेल्या. ही आहे. हिला खेळायचंय."

ते वर्ष मी श्वास चालू असलेल्या आणि बंद पडत आलेल्या माणसांमध्ये काढलं होतं. ज्याचा चालू आहे त्याचं आधी, एवढा एकच नियम मला कळत होता, आणि आजही मला त्यात काही चुकीचं वाटत नाही. पण हे वाक्य बोलून झाल्यावर त्या बागेत मला उभंही राहवेना. काकांनी आपला कप उचलला, आत गेले आणि काचेचं दार सरकवून घेतलं. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग बाजूच्या फाटकातून बाहेर पडले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते घरच्यांना विचारा. मसाल्याचं कपाट रिकामं करून पुसलं. पुसलेलं परत पुसलं. ड्यूटी नसेल तेव्हा पाण्याच्या कडेनं चालत सुटायची. तिकडे रिकामी क्रूझ जहाजं उभी होती, दिवे लावून, आत कुणीही नाही. फोन हातात. काकांचा फोन नाही, मेल नाही. आपणच दुसरं पत्र लिहून त्यांची नुसती सही मागावी, असंही मनात आलं. नवरा म्हणाला, "त्यांना थोडा वेळ दे." मी म्हटलं, "वेळ देणं माझ्या हातात नाही, स्पोर्ट्स ऑफिसच्या हातात आहे." जीव नुसता टांगणीला लागला होता. गॅरेजच्या भिंतीवर बॉल आपटत होता.

गुरुवारी सकाळी काकांचं पत्र ऑफिसला गेलं. एक प्रत मला होती. लेटरहेड नव्हतं, अध्यक्ष म्हणून सही नव्हती. तीन ओळी होत्या. अशी कोणतीही स्कॉलरशिप अस्तित्वात नाही. ती माझी खाजगी भेट होती. माझ्या दिवंगत पत्नीचं नाव केवळ भावनेच्या भरात वापरलं गेलं. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण ती तिसरी ओळ मला पुन्हा वाचवेना.

दुपारी ऑफिसनं आभार मानले. आता फक्त विद्यार्थिनीनं एका निवेदनावर सही करावी म्हणजे नोंद काढता येईल. लेकीनं ते स्क्रीनवर उघडलं. वर काकूंचं पूर्ण नाव टाईप केलेलं. खाली इंग्रजीत एकच वाक्य होतं. वर नमूद केलेल्या व्यक्तीकडून मला माझ्या खेळासाठी कोणतीही मदत मिळालेली नाही.

तिनं ते वाचलं. लॅपटॉप मिटला.

"मी हे साइन नाही करणार."

"का?"

"कारण ते खोटा आहे."

"अगं, ते तसं विचारत नाहीत. ते पैशांबद्दल..."

"तसंच लिहिलंय. नो सपोर्ट. काकू मला एव्हरी ट्यूजडे, एव्हरी थर्सडे नेली. तू नव्हती, बाबा नव्हता. शी वॉज देअर. नो सपोर्ट, आई? कसं साइन करू मी?"

मी ओरडले. काय ओरडले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. काकांनी काय गिळून ते पत्र लिहिलं असेल याची तिला कल्पना आहे का, हे नक्की म्हणाले. ती म्हणाली, "मी नाही सांगितला त्यांना लिहायला. तू सांगितलं." मग शांतपणे म्हणाली, "मला नको ते वर्ष. मी जॉब घेते." नवरा डायनिंग टेबलावरून उठून आला आणि आमच्या दोघींच्या मध्ये येऊन उभा राहिला. तो कामाच्या वेळात उठतो म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय.

शुक्रवारी मला सुट्टी होती. सकाळभर ती आणि मी एकमेकींना चुकवत घरात फिरत राहिलो. दुपार कलायला लागली तरी लॅपटॉप मिटलेलाच होता. मी घड्याळाकडे बघत जिन्यावरून वर-खाली करत होते, तेव्हा काकांचा फोन आला. बागेतल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"झालं का काम?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते म्हणाले, "दे तिला."

मी गॅरेजपाशी गेले. लेकीच्या हातांत स्टिक होती, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून तिच्यासमोर धरला.

"काय ग, सही का करत नाहीस?"

"इट्स नॉट ट्रू, काका. काकूंनी सगळं केलं. तुम्ही खोटं का लिहिलं?"

"मला ठाऊकच नव्हतं," काका म्हणाले.

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे बघत होते.

"मंगळवार-गुरुवार माझं संध्याकाळचं क्लिनिक असायचं. मी घरी यायचो तेव्हा ताट वाढलेलं असायचं. मला वाटायचं, ती दिवसभर घरीच असते. परवा तुझी आई बोलली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. शिष्यवृत्ती मी तुला दिली कारण मंडळात दुसरं कुणी खेळतच नाही." मग म्हणाले, "तिनं मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आता तिथे तिचं नाव राहिलं काय नि नाही राहिलं काय. मी ते माझ्या समाधानासाठी ठेवलं होतं. तिनं जे केलं ते तुला माहीत आहे, तेवढं पुरे. सही कर. मला तुझी एक मॅच बघायची आहे."

लेकीनं स्टिक भिंतीला टेकवून ठेवली, आत गेली, आणि मी फोन धरून तिच्या मागे. तिनं उभ्यानंच लॅपटॉप उघडला, ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं आणि खाली आपलं नाव टाईप केलं. पाच वाजायला अजून वेळ होता. तिला वर्ष मिळणार होतं. मी इतके दिवस ज्यासाठी धावत होते ते हेच होतं, आणि मला मेलं काहीच वाटेना.

"केला," ती म्हणाली.

"शाबास." फोन बंद होईल असं मला वाटलं. पण काका लाईनवरच होते. मग त्यांनी विचारलं, आणि आवाज असा की मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही माहीत नसल्याचं ऐकत होते, "तुझी प्रॅक्टिस चालू असायची तेव्हा ती काय करायची ग?"

"गाडीत बसायची. गायची ती, काका."

"गायची?"

"हो. खूप. असे हात पण करायची. मला लांबून दिसायचं."

काकांचा श्वास ऐकू येत होता. मी खुर्ची ओढली आणि बसले.

"काय गायची?" काकांनी विचारलं.

"मला नाही माहीत," लेक म्हणाली. "काचा बंद असायच्या."